वरचा थर देवगडचा, खालचा कुठला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

मागे तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने तक्रार केली होती की सप्ताहाला लोक येतात, कीर्तन ऐकतात, माना डोलवतात, महाप्रसाद जेवतात आणि घरी जाऊन होते तसेच राहतात. ते पत्र आमच्या घरात सगळ्यांनी वाचलं. बायको म्हणाली, हे तर आपल्याबद्दलच लिहिलंय. लिहिणारे गृहस्थ वारकरी होते, आम्ही ख्रिस्ती, पण तिचं म्हणणं खरं होतं. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय, आज आंब्याचा सीझन संपून जरा हात मोकळे झाले म्हणून लिहायला बसलो.

मी देवगडच्या बाजूचा. एका आंबा पॅकिंगच्या शेडवर हिशेब लिहितो आणि आमच्या छोट्या मंडळीचा खजिनदार आहे. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, एरवी चाळीसेक माणसं, मे महिन्यात मुंबईवाले आले की सत्तर होतात आणि मग खुर्च्या शेजारच्या मंडपवाल्याकडून आणायला लागतात. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दर तीन-चार वर्षांनी बदलतात. मी लहानपणापासून धरले तर दहा-बारा पाळकांचे संदेश, म्हणजे प्रवचनं, ऐकलेत, वर कन्व्हेन्शनच्या मेळाव्याचे पाहुणे वेगळे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, तेव्हापासून या किनाऱ्यावर मराठीतून संदेश चालू आहेत, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली. एवढं ऐकून आम्ही केलं काय, असा माझा प्रश्न आहे, आणि तो आधी मला स्वतःलाच आहे.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. गावकर म्हणतो, रे महाराजा, आणि सगळे एका सुरात व्हय महाराजा. आमचं आमेन तसंच आहे, आवाजसुद्धा जवळपास तोच. फरक एवढाच की गाऱ्हाण्यात जो नवस बोलतो त्याला तो पुढच्या वर्षी फेडावा लागतो, नाही फेडला तर त्याला झोप लागत नाही, मुंबईहून रजा काढून येतो पण फेडतो. आमच्या आमेनला मात्र पुढचं वर्षच नसतं. रविवारी साडेअकराला आमेन, बाराला घरी माशाचं कालवण, की विषय संपला.

आता मराठीचीच गंमत बघा. शेजारची बाई म्हणते, माझा झील अजिबात ऐकत नाय, तेव्हा ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. आपल्या भाषेत ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बायबलच्या मूळ ग्रीकमध्येही आज्ञापालनाला जो शब्द आहे तो ऐकणं या क्रियापदावरूनच आलाय असं एका पाळकांनी सांगितलं होतं आणि मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नव्हतं. पण आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर चढलं की आपल्या ऐकण्याचा अर्थ बदलतो. मग ऐकणं म्हणजे फक्त ऐकणं. छान झाला संदेश, फार आशीर्वाद मिळाला. काय मिळाला ते कोणी विचारत नाही. विचारलं तर पंचाईत, कारण अर्ध्या लोकांना उताराही आठवत नसतो, मीही त्यात आलो.

डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी खडकावरच्या आणि वाळूवरच्या घराची गोष्ट आहे, मत्तय सात. संडेस्कूलमध्ये आम्ही ती हातवारे करून म्हणायचो. कित्येक वर्षं मला वाटायचं की खडकावर घर बांधणारा म्हणजे विश्वासणारा आणि वाळूवर बांधणारा म्हणजे बाहेरचा. तसं तिथे नाहीच. दोघंही ऐकणारेच आहेत, दोघंही त्याच गर्दीत बसलेत, पाऊसही दोघांच्या घरावर सारखाच पडलाय. एकाने ऐकून केलं, दुसऱ्याने ऐकून ठेवलं, एवढाच फरक. आणि किनाऱ्यावरच्या माणसाला वाळू म्हणजे काय हे समजवायला लागत नाही. पावसाळ्यात समुद्र एका रात्रीत काय काय घेऊन जातो ते आम्ही दर वर्षी बघतो.

असो. आता माझी गोष्ट सांगतो, त्यासाठीच पत्र लिहितोय.

आमच्या शेडवर सीझनला, साधारण मार्चच्या मधापासून, रात्री ट्रक येतात. माल कर्नाटकचा. फळ दिसायला हापूसच, आहेच हापूस, पण साल जाड, कापल्यावर आत पिवळा, आपल्यासारखा केशरी नाही. जाणकाराला हातात घेतल्यावर कळतं, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला नाही कळत. पेटी भरताना खाली गवत, मग दोन थर तिकडचे, वरचा थर आपला, वर कागद, झाकण, खिळे, आणि बाजूला आमचा शिक्का देवगड हापूस. हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ साली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, त्याचे पेढे आम्ही पुढच्या सीझनला शेडवर वाटले होते. मी पण एक खाल्ला. त्याच रात्री ट्रक आला. बिल मीच लिहिलं.

लेखी कोणी पुरावा मागितला तर मी सांगेन की मी फक्त आकडे लिहिले. पेट्या इतक्या, डझन इतके, दर इतका. माल कुठला या रकान्यात देवगड. एकच शब्द. रविवारी तोच पेन घेऊन मी अर्पण मोजायचो आणि वहीत लिहायचो.

गंमत म्हणजे ही सगळी वर्षं मी पापावरचे संदेश ऐकत होतो आणि दर वेळी मनापासून हळहळायचो. पाप सोडा म्हटलं की मला राग, मत्सर, वाईट विचार असलं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. पेटी कधीच यायची नाही. कारण पाळकांच्या तोंडी पेटी कधी आलीच नाही. पाप हा शब्द इतका मोठा आहे की त्यात शेड मावते हेच लक्षात येत नाही. हा दोष पाळकांचा म्हणायचा की माझा? माझाच जास्त. पण थोडा त्यांचाही.

मग तीन वर्षांपूर्वी नवीन पाळक आले. वयाने माझ्या मुलाएवढे, त्यामुळे आधी मी त्यांना फार मनावर घेतलं नाही. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता, म्हणजे आमच्याकडे आंब्याचा भर सीझन, दोन्ही दर वर्षी एकत्रच येतात. त्या रविवारी जक्कयचा उतारा होता, लूक एकोणीस. यरीहोचा मुख्य जकातदार, ठेंगणा, येशूला बघायला उंबरावर चढलेला. संदेश साधाच झाला, वीस मिनिटांचा. शेवटी आम्ही सगळे आमेनला तयार, आणि हा पोरगा आमेन म्हणेचना. म्हणाला, जक्कयने आकडा सांगितलाय बघा, निम्मं गरिबांना आणि लुबाडलं असेल त्याच्या चौपट परत. तो काही मी बदलेन, सुधारेन असं म्हणाला नाही. तर तुमचा आकडा काय? मग संडेस्कूलच्या पोरांकडून त्याने छोट्या चिठ्ठ्या वाटल्या, जुन्या वह्यांची पानं फाडून केलेल्या. एकच गोष्ट लिहा, या आठवड्यात करण्यासारखी, कोणाला दाखवू नका, मला पण नको, खिशात ठेवा. पुढच्या रविवारी मी फक्त विचारेन झालं का, हात वर करायचा, काय झालं ते सांगायचं नाही.

देवळात असली शांतता मी फक्त उत्तम शुक्रवारीच, म्हणजे गुड फ्रायडेलाच, ऐकलीय. मग पेनांचा आवाज. मी लिहिलं, रकाना. एवढंच. लिहिताना हात थरथरला असं काही झालं नाही, उलट मनात आलं की याला काय कळणार.

पुढच्या रविवारी चार हात वर आले. माझा नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी सात. माझी चिठ्ठी तोपर्यंत शर्टाच्या खिशात होती आणि तिसऱ्या आठवड्यात ती शर्टाबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेली, लगदा झाला. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आमच्याच माडाच्या झावळ्या पोरांच्या हातात देताना बायकोने विचारलं, काय लिहिलं होतंस रे? तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मी शेठना म्हटलं, त्या मालाची बिलं मी लिहिणार नाही, बाकी सगळं लिहीन. ते हसले. चिडले नाहीत, वाईट माणूस नाहीत ते, माझ्या मुलीच्या ऑपरेशनला त्यांनीच पैसे पुढे केले होते, त्यामुळे तर सांगणं जास्त जड गेलं. म्हणाले, तुझा देव तुझ्याकडे, बिलं कोणीही लिहील. आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून एक नवा पोरगा ती बिलं लिहायला लागला. ट्रक येतच राहिले. माझा रात्रीचा वरचा पैसा बंद झाला, सीझनचे मिळून बरे पैसे होते ते. आंब्याच्या धंद्यात माझ्यामुळे काडीचा फरक पडला नाही हे मी मुद्दाम लिहितोय, कारण देवळात साक्ष देताना लोक गोष्टीचा शेवट गोड करतात, माझा तसा झाला नाही. आता म्हणे देवगडच्या एकेका फळावर कोडवाले स्टिकर लागतायत, त्यावरून कळेल माल कुठला. इतक्या वर्षांच्या संदेशांना जे जमलं नाही ते स्टिकर करणार बहुतेक.

एक झालं मात्र. रकाना सोडल्यावर बाकीची वही नीट दिसायला लागली. आमच्याकडे बागेच्या राखणीला नेपाळी माणसं असतात, सीझन संपला की त्यांचा हिशेब होतो, मधली उचल वजा करून. एकाची बाराशेची उचल माझ्याच हाताने दोनदा लिहिली गेली होती, आदल्या वर्षीची. चोरी नव्हती, चूकच, पण पैसे त्याच्याच मजुरीतून कापले गेले होते. पैसे घेऊन बागेत गेलो. तो खोपीत चुलीवर चहा करत होता. नोटा हातात दिल्या तर तो घेईना, त्याला वाटलं पुढची उचल देतायत आणि नंतर कापणार. दोनदा तीनदा समजावलं, गेल्या साल का है, हमारी गलती. मग त्याने नोटा मोजल्या, परत मोजल्या, आणि मला काळा चहा दिला. माफी कशी मागायची ते मला कळेना, हिंदीत तर नाहीच. चहा पिऊन आलो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे की मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडतेय, ते वाक्य मी शंभरदा वाचलं असेन. पण त्यात मला कधी माझी वही दिसली नव्हती.

आता या चिठ्ठ्यांवरून आमच्या मंडळीत जे झालं ते. पंच कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी सरळ आक्षेप घेतला की हे कर्मकांड आहे, आपलं तारण कृपेने आहे, कर्माने नाही, बायबलमधलं इफिसकरांचं पत्र, दोन आठ-नऊ. उतारा बरोबर आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की काका, दहावं वचन पण वाचा, त्यात सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय असं लिहिलंय, आणि आपण कायम नवव्यावर का थांबतो? ते म्हणाले ल्यूथर, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ सुरू करणारा. हो, ल्यूथरने १५२२ साली याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं होतं हे खरंय. पण त्याच वर्षी त्यानेच रोमकरांच्या पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलं की विश्वास ही जिवंत आणि सारखी कामात असलेली गोष्ट आहे, चांगलं करायचं का असं विचारेपर्यंत त्याने ते केलेलं असतं. आमच्या लोकांना पेंढा बरा लक्षात राहतो. आणि जक्कयचंच घ्या ना, येशू त्याला आधी म्हणाला खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. आकडा नंतर आला. पाहुणा आधीच घरात शिरला होता, हिशेब त्यामुळे झाला. कृपा म्हणजे याच्यापेक्षा वेगळी काय असते?

दुसरा त्रास उलट बाजूचा. काही मंडळ्यांत आज्ञापालनावर भरपूर बोलतात पण ते सगळं टिकली, टीव्ही, तंबाखू एवढ्यावरच. लांबून दिसेल असं. येशूने परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ लोकांना, पुदिना, शेप आणि जिऱ्याच्या दशांशावरून झापलं होतं ते हेच, मसाल्याच्या डब्याचा हिशेब चोख आणि न्याय, दया गायब. रविवारी होडी काढत नाही म्हणून ज्याचं कौतुक होतं त्याने जूनमध्ये बंदी असताना ट्रॉलर काढला तर त्याबद्दल कोण बोलणार? १ जून ते ३१ जुलै बंदी माशांच्या वाढीसाठी असते, एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, आणि या गोष्टींचा फटका कोणाला बसतो तर रापणवाल्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या), छोट्या होडीवाल्या शेजाऱ्याला. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा बंदरावर अशी दिसते. पण ट्रॉलरवाला दशांश मोठा देतो. खजिनदार आहे, मला आकडे माहीत असतात, म्हणून सांगतो की पाळकांची जीभ कुठे अडखळते ते मला अर्पणाच्या वहीवरून कळतं.

आणि तिसरं, हे सांगायलाच हवं, नाहीतर कोणीतरी माझं पत्र दाखवून मंडळीला दम देईल. प्रभूचं ऐका आणि माझं ऐका यात फरक आहे. आज्ञापालनाच्या नावाखाली कोणाशी लग्न कर, कोणाला मत दे, किती पैसे आण हे सांगणारे महाभाग पण आहेत. आमच्या पाळकांनी चिठ्ठी बघायला मागितली असती तर मी पहिला विरोधात उभा राहिलो असतो. त्यांनी बघितली नाही म्हणून तर ती टोचली.

आपल्याकडे जुनी उदाहरणं काही कमी नाहीत. कवी ना. वा. टिळक आमच्या कोकणातलेच, जन्म करजगावचा, बाप्तिस्मा १८९५ साली. पण मला त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं त्या नव्हत्या झाल्या, सोवळं पाळत होत्या. मग माणसामाणसांत हा भेद देवाने केलेला नाही असं त्यांचं त्यांनाच पटलं, आणि पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे आधी पाण्याचा पेला आणि मग बाप्तिस्म्याचं पाणी. आमच्याकडे आता क्रम उलटा झालाय, बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या तरी सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न मूळचे कोण हाच असतो. आणि उत्तर कोकणात बघा, वसईचे फादर दिब्रिटो. हरित वसईसाठी, पाण्यासाठी, जमिनींसाठी ते लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले, बिल्डर आणि टँकरवाल्यांचा रोष घेतला, आणि तरी बायबल मराठीत आणायला त्यांच्याकडे वेळ होता. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले म्हणून लोकांना आठवतात, २०२४ साली गेले. मी कॅथलिक नाही, पण सांगायला संकोच वाटत नाही.

शिष्य करा असं येशूने सांगितलं तेव्हा पुढे काय म्हटलं ते मत्तयाच्या शेवटच्या वचनात आहे, मी सांगितलेलं सगळं त्यांना पाळायला शिकवा. शिकवा नाही, पाळायला शिकवा. या दोन्हींत किती अंतर आहे ते होडीवर जाऊन बघावं. नवा पोरगा खलाशी म्हणून येतो तेव्हा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, त्याला जाळ्यावर भाषण देत नाही. दोर हातात देतो. चुकला की शिवी देतो, परत दोर हातात देतो. तीन महिन्यांत पोराला वारा कळायला लागतो. आमच्याकडे पोरांना बारा वर्षं संडेस्कूलमध्ये वाऱ्याची माहिती देतात आणि दोर मात्र भिंतीवर टांगलेला.

म्हणून माझी पाळकांना विनंती आहे, सगळ्या, कुठल्याही चर्चच्या. वीस मिनिटं बोला, पंधरा बोला, पण शेवटची पाच मिनिटं आमेनच्या आधी थांबा आणि विचारा, या आठवड्यात काय. शेडवर काय, बंदरावर काय, तलाठ्याच्या ऑफिसात काय, घरात सुनेशी काय. आणि पुढच्या रविवारी विसरू नका. आमचे ते तरुण पाळक यंदा जून महिन्यात बदलून गेले. नवे चांगले आहेत, आवाज खणखणीत आहे, पण चिठ्ठ्या बंद झाल्यात. आम्ही चौघं-पाचजण उपासनेनंतर बाहेर माडाखाली उभं राहून आपले आपणच विचारतो. माझ्या सध्याच्या चिठ्ठीत गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, लिहिलाय. चुलतभावाबरोबर सामाईक सातबारा आहे, मधला गडगा माझ्या वडिलांनी हातभर तिकडे सरकवून बांधला हे मला लहानपणापासून माहीत आहे, चुलतभावालाही माहीत आहे, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे बघत नाही. आठ महिने झाले चिठ्ठीला. बायको आता कपडे धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासते.

पत्र फार लांबलं. जागा कमी असेल तर ल्यूथरचा भाग कापा, पेटीचा ठेवा.

आपला,
एक जुना वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग